कागद आमचा, शाई आमची. मग किल्ली कंपनीकडे का?



चळवळीतल्या तरुणांमध्ये सध्या एक सल्ला फिरतो आहे. 'अभ्यासिकेच्या संगणकावर लिनक्स टाकू नका, प्रिंटर चालत नाही. त्यापेक्षा चोरीची विंडोज टाका, शे-दोनशे रुपयांत काम होते.' हा सल्ला देणारे आपलेच आहेत आणि त्यांचा हेतूही वाईट नाही. पण सल्ला चुकीचा आहे. प्रिंटर लिनक्समुळे अडत नाही. विकणाऱ्याने त्या यंत्राची भाषा कुलपात ठेवली म्हणून तो अडतो. आणि हे कुलूप नेमके स्वस्त यंत्रावर, म्हणजे आपल्या वस्तीत येणाऱ्या यंत्रावर बसवलेले असते. म्हणून हा प्रश्न हौशी इंजिनिअरांवर सोडून चालणार नाही. तो आपला आहे.

प्रश्न आपल्या दारात कसा आला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालू स्थितीतले असंख्य संगणक एका तारखेने 'जुने' ठरले. सावनेरसारख्या तालुक्याच्या गावात विहाराला, वाचनालयाला, अभ्यासिकेला मिळणारे संगणक बहुतेक असेच असतात. कुठल्या तरी कार्यालयातून निघालेले, कुणीतरी वापरून दान दिलेले. त्यांच्यावर लिनक्स मिंटसारखी प्रणाली आरामात चालते. अभ्यासाचे व्हिडिओ दिसतात, अर्ज भरता येतात, मराठी टंकलेखन होते. अडते ते शेवटच्या पायरीवर, कागदावर.

आणि आपल्या माणसाचे काम कागदावाचून होत नाही. कोळसा खाणीत कंत्राटी काम करणाऱ्याचा, संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईचा मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरतो, पण प्रत मात्र महाविद्यालयात द्यावी लागते. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधायचा, त्याच्या प्रती काढायच्या, वंशावळीचे शपथपत्र छापायचे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून १९९० मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. तो हक्क आज प्रत्यक्षात येतो तो कागदांच्या गठ्ठ्यातून. परीक्षेचे प्रवेशपत्र, भरतीचा अर्ज, माहिती अधिकाराचा अर्ज, मोर्चाचे पत्रक, सगळे कागदच. प्रत्येक पानासाठी पोराने दुकानात पाच-दहा रुपये मोजायचे की अभ्यासिकेत छापायचे, हा फरक ज्याला लहान वाटतो त्याने महिनाअखेरीला त्या पोराचा खिसा पाहावा.

कुलूप नेमके कुठे आहे?

प्रिंटर कसा चालतो हे समजून घेऊ, कारण न समजता केलेली तक्रार कुणी ऐकत नाही. आपण 'प्रिंट' दाबतो तेव्हा लिनक्सवर ते काम 'कप्स' नावाच्या व्यवस्थेकडे जाते. ही व्यवस्था १९९९ पासून आहे, मुक्त आहे आणि ॲपलचे महागडे मॅक संगणकही तिच्यावरच छापतात. कप्स आपल्या पानाचे रूपांतर त्या प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत करते. हे शेवटचे भाषांतर करणारा तो ड्रायव्हर.

मोठ्या कार्यालयांतले महाग प्रिंटर बहुतेक पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या सर्वांना माहीत असलेल्या भाषा बोलतात. त्यांना कोणताही संगणक जोडा, चालतात. स्वस्त प्रिंटरमध्ये खर्च वाचवण्यासाठी यंत्रातला मेंदूच कमी केलेला असतो. पानाचा हिशेब संगणकाने करायचा आणि तयार ठिपके यंत्राकडे पाठवायचे. त्यात गैर काही नाही. गैर पुढे आहे. ते ठिपके कोणत्या बोलीत पाठवायचे, ती बोली कंपनी सांगत नाही. तिचा दुभाष्या फक्त कंपनीकडे असतो, आणि तो बंद डब्यात मिळतो.

आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि छोट्या कार्यालयांत वर्षानुवर्षे दिसणारी दोन यंत्रे घ्या. कॅननचा एलबीपी २९०० 'कॅप्ट' नावाची कंपनीची खास बोली बोलतो. लिनक्ससाठी कॅननने ड्रायव्हर दिला खरा, पण त्यातले महत्त्वाचे तुकडे ३२ बिटच्या बंद स्वरूपात. आजच्या ६४ बिटच्या प्रणालीवर त्याला जुनी ३२ बिट लायब्ररी आधी भरवावी लागते. रास्पबेरी पायसारख्या वेगळ्या प्रोसेसरच्या स्वस्त संगणकावर तो चालतच नाही. दुसरा एचपीचा लेझरजेट १०२०. वीज गेली की हा आपले फर्मवेअर विसरतो. पुन्हा चालू केला की संगणकाने ते त्याला परत शिकवायचे. एचपीचे लिनक्स पॅकेज बरेचसे खुले आहे हे मान्य करू. पण अशा कित्येक मॉडेलांना त्यावर एक बंद प्लगइन लागते, आणि पॅकेजची आवृत्ती बदलली की प्लगइनही त्याच आवृत्तीचे पुन्हा उतरवावे लागते. काल चालणारा प्रिंटर अपडेटनंतर आज मुका होतो तो बरेचदा यामुळे.

आता सांगा, दोष कुणाचा? महाग यंत्र सगळ्यांशी बोलते आणि स्वस्त यंत्र फक्त मालकाच्या परवानगीने बोलते. गरिबाला जे परवडते तेच बंदिस्त मिळते. आणि ते चालले नाही की ऐकवले जाते, 'तुम्हाला जमत नाही.'

अभ्यासिकेतला अनुभव

सावनेरच्या एका अभ्यासिकेत आम्ही मुलांसोबत हे काम केले. दान मिळालेला लहान लेझर प्रिंटर होता. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही, रीत सगळ्यांची तीच. संगणक सांगायचा 'काम पूर्ण', आणि कागद बाहेर यायचा नाही. बारावीतली एक मुलगी म्हणाली, 'सर, फाईल गेली म्हणते, मग कागद काऊन येत नाही?' आमच्या मते हाच योग्य प्रश्न आहे. 'लिनक्स वाईट आहे का' हा प्रश्न नाही. 'फाईल कुठे अडली' हा प्रश्न आहे.

मुलांनी क्रमाने तपासले. हा क्रम कुणीही वापरावा. आधी वीज, केबल, टोनर, अडकलेला कागद. मग टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा; त्या यादीत प्रिंटरचे नाव दिसले तर तार आणि पोर्ट ठीक आहेत. मग ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' उघडून कप्सचे पान पाहायचे. रांग थांबवलेली असेल तर ती चालू करायची. तरीही नाही तर कप्सची नोंदवही, म्हणजे एरर लॉग, वाचायची. तिथे 'फिल्टर फेल्ड' दिसले की समजायचे, दुभाष्या कोसळला. शेवटी पाहायचे की तो दुभाष्या ३२ बिटचा आहे का, त्याची लायब्ररी गायब आहे का, की प्लगइनची आवृत्ती जुळत नाही.

आमच्याकडे दुभाष्या ३२ बिटचा निघाला. लायब्ररी भरली, कागद आला. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा बंद. त्या बंद डब्यात काय बिनसले हे पाहायची सोय नव्हती. शेवटी त्या मॉडेलसाठी कुणा स्वयंसेवकांनी यंत्राची बोली ऐकून ऐकून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर सापडला. तो थोडा हळू आहे, पण चालतो. आणि बिघडला तर उघडून पाहता येतो. कंपनीने जे लपवले ते अनोळखी माणसांनी फावल्या वेळात उलगडले आणि सगळ्यांना वाटून टाकले. ही गोष्ट मुलांना कोणत्याही भाषणापेक्षा जास्त शिकवून गेली.

एका प्रिंटरमुळे सुरू झालेली चळवळ

हा झगडा आजचा नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बदल केला होता. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना तसा निरोप जायचा. नव्या यंत्राचे सॉफ्टवेअर बंद होते. ज्याच्याकडे मूळ लिखाण होते त्याने कंपनीशी केलेल्या गुप्ततेच्या कराराचे कारण देऊन ते द्यायला नकार दिला. हा अनुभव स्टॉलमनने वारंवार सांगितला आहे. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो त्याचा मोठा भाग तिथून आला. ज्या कंपनीचे नाव आपल्या गावात 'छायाप्रत' या अर्थाने रुळले आहे, तिच्याच यंत्रापुढे हा प्रश्न उभा राहिला होता.

पण आम्हाला नवा महापुरुष नको आहे. व्यक्ती म्हणून स्टॉलमनवर गंभीर आक्षेप घेतले गेले आणि २०१९ मध्ये त्याला त्याच्याच संस्थेचे अध्यक्षपद सोडावे लागले. राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा तंत्रज्ञानालाही लागू आहे. विचार घ्यावा, आरती करू नये. शिवाय एमआयटीतल्या माणसाची ती गैरसोय होती. आपल्या पोराच्या बाबतीत अर्जाची शेवटची तारीख जाते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: 'लिनक्स, मुक्त सॉफ्टवेअर हे सवर्ण इंजिनिअरांचे खेळणे आहे.' या वर्तुळांत आपली माणसे कमी दिसतात हे आम्हीही पाहतो. तिथले बरेच लोक स्वातंत्र्यावर तासभर बोलतात, पण तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेचा प्रिंटर चालावा म्हणून एक रविवार देत नाहीत. त्यांना आमचे सांगणे आहे की, ज्याच्या हातात कागद पडत नाही त्याला तुमचे स्वातंत्र्य दिसत नाही. पण म्हणून मैदान त्यांच्या हवाली करायचे का? ज्ञानाच्या जागी आपली माणसे नाहीत, हे तिथे जाण्याचे कारण असते. बाबासाहेब कोलंबियाला गेले ते तिथे आपली वस्ती होती म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप: 'चोरीची विंडोज आहे ना.' कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब वाचा. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच. ज्यांच्या दारात पोलीस यायला निमित्त लागत नाही, त्यांनी निमित्त स्वतः तयार करून ठेवू नये. शिवाय कुलूप तोडणाऱ्या त्या फायलींबरोबर आणखी काय संगणकात शिरते हे कुणी पाहिले आहे? चोरीच्या प्रतीने कुलूप तुटतही नाही. आपण त्याच मालकाच्या वाड्यात मागच्या दाराने राहतो, एवढेच.

तिसरा आक्षेप: 'कंपनीचे गुपित आहे, तो तिचा हक्क आहे.' आम्ही टोनर बनवायची कृती मागत नाही, यंत्राचा आराखडा मागत नाही. केबलवरून यंत्राशी काय बोलायचे तेवढे सांगा, म्हणतो. एप्सनच्या कित्येक इंकजेट प्रिंटरांसाठीचा ड्रायव्हर खुला आहे. म्हणून ती कंपनी बुडाली नाही. भारतीय कायदाही इथे आपल्या बाजूने बोलतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एबी) नुसार, कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रॅमशी दुसरा स्वतंत्र प्रोग्रॅम जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळवण्यासाठी केलेली आवश्यक कृती कॉपीराइटचा भंग ठरत नाही. ही तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने आली. आपल्या मुलांना हे कलम माहीत हवे.

चौथा आक्षेप आपल्यातल्या ज्येष्ठांचा: 'अत्याचार चालू आहेत, जमिनीचे प्रश्न आहेत, आणि तुम्ही प्रिंटर घेऊन बसलात?' जात आणि ड्रायव्हर यांची बरोबरी आम्ही करत नाही. ड्रायव्हर कुणाची वस्ती जाळत नाही. पण ज्ञानबंदी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वस्तू वापर, पण ती कशी चालते ते विचारू नकोस, ही रीत आपण पिढ्यान्पिढ्या ओळखतो. आणि छपाईचा प्रश्न आपल्या चळवळीला कधीच परका नव्हता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी' तयार नव्हता. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून पाक्षिक उभे राहिले. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' आले, आणि बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारला, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द त्याच्या मर्जीने छापला जातो. २५ जून २०१६ रोजी दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले तेव्हा तिथला बुद्ध भूषण छापखानाही गेला, आणि समाज रस्त्यावर उतरला. छापण्याचे साधन हातात असणे म्हणजे काय, हे त्या गर्दीला ठाऊक होते. मग आजच्या छापखान्याची किल्ली कुणाकडे आहे हे विचारणे किरकोळ कसे?

वारा बदलतो आहे, पण आपोआप काही मिळत नाही

एक चांगली गोष्ट घडते आहे. २०१० मध्ये ॲपलचे एअरप्रिंट आणि २०१३ मध्ये 'आयपीपी एव्हरीव्हेअर' हे समाईक मानक आले. या पद्धतीच्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. लिनक्सवर तो वायफायने, आणि बरेच नवे प्रिंटर यूएसबीनेही, आपोआप ओळखला जातो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बाजूला ठेवण्याचे जाहीर केले. कप्सची पुढची वाटही तीच आहे. म्हणजे बंद ड्रायव्हरवर जगणारे यंत्र उद्या विंडोजवरही पोरके होणार.

पण मानक आले म्हणून आपल्या वस्तीत पोहोचत नाही. दुकानात अजूनही बिनमानकाचे स्वस्त यंत्र पुढे केले जाते, आणि देणगीत, निधीत तेच येते. म्हणून ठरवून करायच्या गोष्टी अशा:

१. खरेदीपूर्वी खोक्यावर एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी एक नाव पाहा. नसेल तर घेऊ नका. देणगीदारालाही हे आधीच लिहून द्या. फुकटचे कुलूप फार महाग पडते.

२. असलेले यंत्र फेकू नका. मुक्त ड्रायव्हर शोधा. नाहीच मिळाला तर बंद ड्रायव्हर कामापुरता वापरा, कारण पोराचा अर्ज तत्त्वासाठी अडवायचा नसतो. पण कोणत्या मॉडेलला काय लागले, कोणत्या अपडेटने काय बिघडले हे मराठीत वहीत लिहून ठेवा आणि शेजारच्या गावाला द्या. खापा, पाटणसावंगी, कळमेश्वर इथल्या मुलांनी तीच डोकेफोड पुन्हा का करावी?

३. प्रत्येक अभ्यासिकेत किमान दोघांनी, त्यात एक मुलगी, हा तपासणीचा क्रम शिकावा. 'ते काम भाऊ करतात' ही सवय मोडा. किल्ली कंपनीकडून काढून एका भाऊकडे देणे ही मुक्ती नव्हे.

४. नगरपरिषद, सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे, बार्टी, आमदार निधी, जिथून संगणक-प्रिंटर येतात तिथे निवेदन द्या: निविदेत 'ड्रायव्हरशिवाय, समाईक मानकावर चालणारा प्रिंटर' ही अट घाला. केंद्र सरकारने २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले आहे. दुसऱ्या धोरणात मुक्त पर्याय वगळला तर पुरवठादाराने कारण द्यावे असेही म्हटले आहे. केंद्राला जे पटले ते आमच्या वसतिगृहाला का नको, असे विचारा. खरेदी झाल्यावर माहिती अधिकारात मॉडेलची नावे मागा.

५. आपल्यातले जे संगणकशास्त्र शिकत आहेत त्यांनी एखाद्या मुक्त ड्रायव्हरला हात लावावा. चाचणी करा, चूक नोंदवा, मराठीत माहिती लिहा. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे राहू नका. यंत्रापुढे बसलेला माणूस तुम्ही आहात, बिघाड तुमच्याइतका कुणाला दिसत नाही.

मित्रहो, विकत घेतलेल्या वस्तूची भाषा आपल्याला कळू नये अशी व्यवस्था कुणीतरी केली आहे, तिला 'तांत्रिक अडचण' म्हणून मान खाली घालू नका. पुढच्या वेळी कुणी म्हणाले 'लिनक्सवर प्रिंटर चालत नाही', तर विचारा: कोणता प्रिंटर, कोणती बोली, आणि ती कुणी लपवली? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि मिळालेले उत्तर छापून भिंतीवर लावा.

जय भीम!